ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा



गळीत हंगाम सुरू झाला की शिवारातून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत जिकडे पाहावे तिकडे ट्रॅक्टर. कोणी त्याला 'टॅक्टर' म्हणतो, कोणी 'ट्याक्टर'. पण या नावाचा अर्थ काय, असे विचारले तर गटातल्या बैठकीत हमखास उत्तर येते, "नांगरायचं यंत्र, दुसरं काय !" उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि हा अपुरेपणा ऊस वाहतुकीच्या दिवसांत महागात पडतो, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

जुन्या लॅटिन भाषेत 'ट्राहेरे' म्हणजे ओढणे. त्यापासून 'ट्रॅक्टर', म्हणजे ओढणारा. एवढाच अर्थ. नांगरणी, पेरणी, मळणी यांपैकी काहीही त्या नावात नाही.

या ओढण्याच्या घराण्यातले इतर शब्दही आपल्या रोजच्या वापरातले आहेत. तोडणी-वाहतुकीचे 'कंत्राट' घ्या. हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, पण मूळ तेच. दोन पक्षांना एकत्र ओढून बांधणारा तो करार. कारखान्याच्या अहवालात 'मिल एक्स्ट्रॅक्शन' वाचता ना ? उसातून रस बाहेर ओढणे, तेही त्याच घरचे. आणि आपली 'कृषी' ? संस्कृतात 'कृष्' या धातूचा अर्थ ओढणे, नांगर ओढणे असाच आहे. आकर्षण हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे लॅटिनवाल्यांनी यंत्राला जे नाव दिले, तेच आपल्या पूर्वजांनी सबंध धंद्याला दिले होते. शेती म्हणजे ओढणे ! बैलाच्या खांद्याला विचारा, तो हो म्हणेल.

नाव पडले कसे ?

गंमत अशी की शेतात येण्याआधी हा शब्द वैद्यकीत शिरला होता. अमेरिकेत एलिशा पर्किन्स नावाच्या डॉक्टराने १७९६ साली धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. त्या अंगावरून फिरवल्या की दुखणे ओढून निघते, असा त्याचा दावा. त्या कांड्यांना 'ट्रॅक्टर' म्हणत. दुखणी काही निघाली नाहीत, पण कांड्या मात्र खूप खपल्या.

पुढे एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिने शेतावर आली. सुरुवातीला ती मळणीच्या खळ्यापर्यंत घोड्यांनीच ओढून न्यावी लागत. मग इंजिनच स्वतःच्या चाकांवर चालू लागले आणि मागे मळणीयंत्र ओढू लागले. त्याला म्हणत 'ट्रॅक्शन इंजिन'. त्यानंतर तेलावर चालणारी इंजिने निघाली. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या चार्ल्स सिटी गावी हार्ट-पार कंपनी ती बनवी. 'गॅसोलीन ट्रॅक्शन इंजिन' हे लांबलचक नाव जाहिरातीत घालायचे कसे ? कंपनीच्या विक्री विभागाने १९०६-०७ च्या सुमारास सुटसुटीत 'ट्रॅक्टर' वापरायला सुरुवात केली. १८९० च्या एका पेटंटात हा शब्द येऊन गेला होता, पण शेतकऱ्याच्या तोंडी बसला तो या जाहिरातींमुळे. आपल्या देशात फरिदाबादला १९५९ साली आयशरचा ट्रॅक्टर तयार होऊन बाहेर पडला, तोवर हे नाव जगभर रुळले होते.

नावाप्रमाणे वागवा

आता मुद्द्याची गोष्ट. ट्रॅक्टर ओढणारा आहे, वाहणारा नव्हे. त्याला सीट एकच असते, ती चालकाची. मडगार्डवर बसणे आणि टोळीतल्या बाया-लेकरांना भरल्या ट्रॉलीच्या मोळ्यांवर बसवणे, दोन्ही बंद झाले पाहिजे.

ओढ नेहमी खालून हवी. ट्रॉली फडात रुतली की काही जण साखळी मागच्या आसाच्या वर कुठेतरी अडकवतात आणि क्लच झटक्यात सोडतात. रुतलेला भार हलत नाही, मग ट्रॅक्टरचे तोंडच वर उठते आणि तो मागे चालकाच्या अंगावर उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. म्हणून साखळी ड्रॉबारलाच लावा, क्लच हळू सोडा. तरीही निघत नसेल तर थोडा ऊस उतरवा. अर्धा तास जाईल, माणूस राहील.

आणखी एक. ओढणारा ओढतो, पण थांबवायचे कुणी ? बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नाही, ट्रॉलीच त्याला ढकलते. तेव्हा उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल कधीच करू नका. सडकेवर दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडूनच चालवा. एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. मागे लाल रिफ्लेक्टर लावा. रात्री टायर फुटून रस्त्यात उभे राहावे लागले तर तेच मागच्या मोटारसायकलवाल्याला वाचवतात. आणि स्पीकर इतका मोठा नको की मागच्याचा हॉर्न ऐकू येणार नाही.

बैल दमला की थांबतो, मान टाकतो, आपल्याला कळते. यंत्र सांगत नाही. ते सांगितल्यापेक्षा जास्त ओढत राहते आणि एक दिवस घात करते. म्हणून किती ओढायचे, हे ठरवणे मालकाच्या आणि चालकाच्या हाती आहे. ट्रॉली भरताना तेवढे ध्यानात ठेवावे, ही सर्व ऊस उत्पादक व वाहतूकदार बंधूंना आमची कळकळीची विनंती.