शुभ की शुम?

कापडावर टाका चुकला तर उसवायचा, नखाने घासायचं, वीण मिटते. कागदाला पडलेलं भोक मात्र कायमचं. हाताने अक्षरं काढून त्यांवर दोऱ्याने भरलेली शुभेच्छापत्रं डिझाइनचे विद्यार्थी हौसेने करतात. तशीच करून पाहावीत म्हणून गेल्या दिवाळीआधी मी रत्नागिरीत आमच्या पडवीत सुई-दोरा घेऊन बसले. शब्द साधेच, ‘शुभ दीपावली’. सजावट म्हणून दोन्ही शब्दांवरून सलग शिरोरेषा काढली, 9 सेंटिमीटरची. दर 2 मिलिमीटरला एक म्हणजे 46 भोकं पाडली आणि उलटी टीप घालत निघाले. शेवटचा टाका ओढला, तेव्हा कार्ड त्या रेषेवर पोस्टाच्या तिकिटासारखं अलगद फाटलं.

तिकिटाच्या कडेची भोकं असतात ती फाटावं म्हणूनच. देवनागरीत सगळ्यांत जास्त भोकं पडणार ती नेमकी शिरोरेषेवर. रोमन लिपीत ही अडचण नाही. तिथे अक्षरं सुटी असतात.

शिरोरेषा कधी काढायची, याची आपल्याकडे तीन वेगळी उत्तरं आहेत. बाळबोध लिहिताना शब्द आधी, रेघ नंतर. शिशाच्या खिळ्यांत प्रत्येक अक्षर आपला रेघेचा तुकडा डोक्यावर घेऊन येई. जुनी पुस्तकं भिंगाखाली धरली तर दोन खिळ्यांच्या मधली बारीक फट अजून दिसते. संगणकावरही रेघ अशीच तुकड्यातुकड्यांनी येते, फक्त ते तुकडे एकमेकांना बेमालूम भिडतात. विंडोजमधला ‘मंगल’ हा फाँट ज्यांनी घडवला, त्या र. कृ. जोशींचा (1936–2008) हात मुळात सुलेखनकाराचा होता. मोडीची रीत बाळबोध आणि तुकड्यांची, या दोन्हींपेक्षा निराळी. लेखनिक आधी पानभर रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. हात शक्य तितका न उचलता.

भरतकामाला मला पटली ती मोडीची रीत. एक लांब दोरा दोन टोकांना ताणून बसवायचा, मध्ये मध्ये बारीक आडव्या टाक्याने दाबून धरायचा आणि मग खाली अक्षरं टाकायची. दोऱ्याला जाड-बारीकही कळत नाही. बोरूच्या तिरक्या टोकाने ‘व’चं पोट आपसूक भरतं, सुईने तेच करायचं तर टाक्याला टाका लावून भरावं लागतं, म्हणजे पुन्हा भोकं. तेव्हा एकेरी रेषेचं अक्षर बरं. ‘ल’ मात्र सुईसाठीच जन्माला आल्यासारखा. राज्य शासनाने 2009 साली वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त ‘ल’ घेतला. त्याच्या दोन पाकळ्या म्हणजे लेझी डेझीचे दोन टाके!

भरतकामाची कार्डं तशी नवी नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणारे ब्रिटिश सैनिक घरी भरतकामाची पोस्टकार्डं धाडत. फुलं, झेंडे, लाडक्या माणसाला दोन शब्द. पण त्या कार्डांच्या कागदाला सुई लागलेलीच नसे. भरलेली असे जाळीदार रेशमाची पट्टी, आणि ती कार्डाच्या खिडकीत चिकटवलेली. कागद भोसकण्याचं काम जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालवाडीतल्या पोरांचं. ठिपक्यांवर टोचायचं आणि त्या भोकांतून रंगीत दोरा ओवायचा, हा त्यांचा एक उद्योग होता.

आपल्याकडे भरणं आणि अक्षरं काढणं ही दोन कामं दोन वेगळ्या दारांनी आली. भरतकाम आईकडून किंवा शिवणाच्या तासाला. अक्षरलेखन इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत, भूमितीच्या जोडीने, पट्टी आणि कंपास घेऊन. दोन्ही एका टेबलावर आणायचं सुचायला डिझाइनचा वर्ग लागला. नाही म्हणायला, काचेच्या चौकटीत भरलेलं ‘सुस्वागतम्’ जुन्या घरांच्या ओटीवर लटकत असे. त्याला अक्षरकला म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही, इतकंच.

कागदाचं म्हणाल तर आमच्याकडे दिवाळीतही हवेत दमटपणा असतो, कागद ओलावा धरतो आणि भोकाची कड फुगते. पुण्याच्या हातकागद संस्थेत 1940 पासून सुती चिंध्यांचा कागद होतो. तसा कागद सोसतो, कारण सुताचे तंतू लांब असतात. भोकं आधीच पाडून घ्यावीत, खाली जाड टॉवेलची घडी ठेवून, आणि नेहमी सुलट बाजूने.

दुसरं कार्ड मोडीच्या रीतीने केलं. रेघ ताठ बसली, कागद शाबूत राहिला. शेजारच्या काकूंना कौतुकाने दाखवलं. चष्मा वर करून त्यांनी वाचलं, “शुम दीपावली? हे काय गो?”

‘भ’ची शिरोरेषा तुटकी असते, हे पहिलीत शिकलेलं. ती जोडली की ‘म’ होतो, तसाच ‘ध’चा ‘घ’. सलग दोऱ्याच्या नादात मी नेमकी तीच फट बुजवली होती.

तिसऱ्या कार्डात दोरा ‘भ’पाशी खाली बुडवला आणि बोटभर नव्हे, तांदळाएवढी जागा सोडून पुन्हा वर काढला. दोन टोकं, फटीची दोन, चार दाबटाक्यांची आठ. 46 ची 12 झाली. मागच्या बाजूला, त्या फटीखाली, दोऱ्याचा एक आखूड तुकडा आडवा दिसतो. त्यावर कागद चिकटवायचा होता, पण तो तसाच ठेवून कार्ड पाकिटात घातलं.