रक्तातून मेंदूकडे

१८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्य सोडले, तेव्हा जवळजवळ सारी इंद्रिये रंगली. मेंदू मात्र कोराच राहिला. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला. तेव्हा मेंदू रंगला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काही आडपडदा आहे, हे यावरून उघड झाले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतींच्या पेशी परस्परांना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की, मोठ्या रेणूंना त्यांच्या फटींतून वाट मिळत नाही. विषारी द्रव्यांपासून मेंदूचे रक्षण होते ते यामुळेच.

मग वाढीस लागणारी प्रथिने आत जातात कशी? त्यांपैकी एकाचे नाव ‘इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१’. ही ७० अमिनो आम्लांची शृंखला मुख्यतः यकृतात तयार होते. मेंदूतही ती थोडी निर्माण होते. रक्तात ती बहुधा एकटी नसते. वाहक प्रथिनांना जखडलेली असते. आमच्या बेज्जूरच्या मुलांना प्राणहितेच्या दोन्ही तीरांची ओळख आहे. ओझे काठावर उतरवून नावेत बसणाऱ्या उतारूचे चित्र त्यांनी डोळ्यांसमोर आणावे. वाहकापासून सुटलेले प्रथिन केशवाहिनीच्या पेशीवरील ग्राहकास चिकटते. पेशी त्याला पोटात घेऊन पैलतीरी सोडते. दुसरी वाट मेंदूतील द्रव निर्माण करणाऱ्या जालिकेतून जाते.

नाव कोठे लागावी, हेही काही अंशी मेंदूच ठरवितो. स्पेनमधील संशोधकांनी २०१० साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, मेंदूचा जो भाग कामात गुंततो, तेथे रक्तप्रवाह वाढतो, वाहक प्रथिनाची पकड सुटते आणि वृद्धिघटक त्याच जागी अधिक शिरतो. धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूतही तो अधिक शोषला जातो, असे २००० साली आढळले होते.

परंतु नावेत बसावयास उतारूच नसेल तर? आहारात प्रथिने व उष्मांक अपुरे पडले की, रक्तातील हा घटक घटतो, आणि वाढत्या मुलाची उंची खुंटते. म्हणून डाळ, दूध, अंडी, मासे यांपैकी जे घरी परवडेल ते मुलांच्या ताटात रोज पडावे. आणि मुलीच्या ताटात मुलाहून कमी पडू नये. शिक्षक पुस्तक उघडून देतील. पण ते वाचणाऱ्या मेंदूची शिदोरी घरच्या चुलीवरच शिजते, हे पालकांनी ध्यानी ठेवावे, अशी आमची विनंती आहे.