नव्वद दिवसांची मुदत

लग्नाला दोन-तीन वर्षे उलटली आणि पाळणा हलण्याचे चिन्ह दिसेना, म्हणजे ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या कोणत्याही मध्यमवर्गीय वसाहतीत जी धावपळ सुरू होते तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम सुनेचे उपासतापास, मग तिच्याच रक्ताच्या तपासण्या, मग सोनोग्राफी, मग गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहणारी, पोटात कळा आणणारी एक्स-रेची परीक्षा, आणि प्रसंगी भूल देऊन पोटात दुर्बीण घालण्यापर्यंत मजल जाते. आणि एवढे सारे उरकल्यावर, डॉक्टरांनी तिसऱ्यांदा बजावल्यानंतर, मुलगा एका लहानशा डबीत आपला नमुना तपासणीस देण्यास कसाबसा राजी होतो. वस्तुतः अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील दोष, एकटा किंवा स्त्रीकडील दोषाच्या जोडीने, हजर असतो, हा वैद्यकशास्त्राचा निर्वाळा आता जुना झाला आहे. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 सालच्या अहवालाप्रमाणे जगातील दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. तरीही फिर्याद स्त्रीच्याच नावाने दाखल होते. हा अन्याय आहे, आणि पुरुषाच्या हातातील सिगारेट त्या अन्यायात प्रत्यक्ष भर घालते म्हणून तिच्याविषयी येथे सविस्तर लिहावयाचे आहे.

पुरुषाकडील दोषांचा तपशील मोठा आहे. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, तारुण्यात झालेला गालगुंडाचा आजार वृषणापर्यंत उतरणे, जंतुसंसर्ग, संप्रेरकांची गडबड, गुणसूत्रांतील जन्मजात वैगुण्य, यांपैकी एकही गोष्ट माणसाने स्वतः ओढवून घेतलेली नसते. ठाण्याच्या वागळे इस्टेटीतील किंवा डोंबिवली एमआयडीसीतील कामगाराला भट्टीची धग आणि द्रावकांची वाफ पोटासाठी सोसावी लागते, आणि त्यांचाही परिणाम शुक्रोत्पादनावर होऊ शकतो. त्याबद्दल त्याला बोल लावणे माणुसकीला सोडून होईल. परंतु पाळी सुटल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर, काथ्याच्या जळत्या दोरीच्या टोकाला लावून जी सिगारेट पेटते, ती मात्र त्याच्या अखत्यारीतील गोष्ट आहे. या साऱ्या यादीत मनुष्याच्या इच्छेने येणारे आणि इच्छेने जाऊ शकणारे जे थोडे आहे, त्यात ती अग्रभागी आहे.

तिचे कार्य समजण्यासाठी शुक्राणू घडतो कसा हे आधी पाहिले पाहिजे, कारण ही घडण निसर्गाच्या अत्यंत नाजूक कारागिरींपैकी एक आहे. निरोगी पुरुषाच्या वृषणांत दर सेकंदाला हजाराहून अधिक शुक्राणू तयार होतात. परंतु त्यांपैकी प्रत्येकाला मूळ पेशीपासून शेपटी फुटलेल्या शुक्राणूपर्यंत येण्यास सुमारे 74 दिवस लागतात, आणि त्यानंतर वृषणाला चिकटून असलेल्या, वेटोळे घातलेल्या एका लांबलचक नलिकेतून पुढे सरकत पोहण्याची व बीजात शिरण्याची पात्रता मिळवण्यास आणखी सुमारे दोन आठवडे खर्ची पडतात. हे काम शरीराच्या 37 अंश उष्णतेत नीट होत नाही, म्हणूनच वृषण शरीराबाहेर, दोन ते चार अंश थंड जागी ठेवलेले आहेत. ऐन गर्दीच्या वेळी डोंबिवलीला लोकलमध्ये शिरू पाहणारा माणूस जसा हातातली पिशवी, छत्री, डबा सारे घरी ठेवून केवळ खिशातील पासानिशी निघतो, तसा शुक्राणू वेगासाठी आपल्या पेशीतील जवळजवळ सारा द्रव टाकून देतो. आणि त्या द्रवाबरोबरच, इतर पेशींना दाहापासून वाचवणारी व गुणसूत्रांची मोडतोड दुरुस्त करणारी सामग्रीही मागे राहते. त्याच्यापाशी उरते ते घट्ट गुंडाळलेले पित्याचे गुणसूत्र, थोडे इंधन आणि एक शेपटी. अशा निःशस्त्र अवस्थेत धूर त्याला गाठतो.

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने आढळली असून फुप्फुसांतून रक्तात उतरलेला त्यांचा काही अंश वृषणापर्यंत पोहोचतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या वीर्यात निकोटीन व त्याचे अवशेष प्रत्यक्ष सापडतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो. तंबाखूचे रोप जमिनीतून कॅडमियम हा धातू मोठ्या प्रमाणात शोषून घेत असल्यामुळे तो धुराबरोबर शरीरात येतो, वर्षानुवर्षे तेथेच मुक्काम करतो आणि शुक्रोत्पादक पेशींभोवतीचे निसर्गाने घातलेले कुंपण ढिले करतो. परंतु सर्वांत मोठी हानी होते ती ऑक्सिजनच्या अस्थिर, दाहक रेणूंमुळे. धुराने वीर्यातील पांढऱ्या पेशी वाढतात, त्या हे रेणू अधिक प्रमाणात सोडतात, वीर्यातील क जीवनसत्त्वासारखी संरक्षक द्रव्ये खर्ची पडतात, आणि मग शुक्राणूच्या स्निग्धांशयुक्त आवरणाला त्या रेणूंचा दाह जाळू लागतो. आवरण बिघडले की शेपटी मंदावते. दाह आत पोहोचला की गुणसूत्राचे धागे तुटतात. ही दुसरी हानी साध्या तपासणीत दिसत नाही, आणि म्हणून अधिक घातक आहे.

साध्या तपासणीत काय दिसते? दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर दिलेला नमुना प्रयोगशाळेत शरीराच्या उष्णतेवर अर्धा-पाऊण तास ठेवला जातो. तेवढ्या अवधीत घट्ट वीर्य पातळ होते, आणि त्याचा थेंब रेघा आखलेल्या काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला जातो. निरोगी नमुन्यात तेथे जत्रा लोटलेली असते: सरळ रेषेत धावणारे, वळणे घेणारे, जागच्या जागी वळवळणारे आणि निश्चल पडलेले असे असंख्य शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 सालच्या निकषांप्रमाणे दर मिलिलिटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हलणाऱ्यांचे प्रमाण 42 टक्के, पुढे पोहत जाणाऱ्यांचे 30 टक्के आणि निर्दोष आकाराच्यांचे 4 टक्के, ही खालची मर्यादा मानली जाते. 2016 साली युरोपीय मूत्रशल्यविज्ञानाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात वीस अभ्यासांतील 5865 पुरुषांच्या माहितीची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. तीत धूम्रपान करणाऱ्यांची शुक्राणूसंख्या कमी व चलनवलन मंद आढळले, आणि अधिक सिगारेटी ओढणाऱ्यांत तसेच आधीच वंध्यत्वाच्या तक्रारीने आलेल्या पुरुषांत ही घट अधिक ठळक होती.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबले पाहिजे, कारण टपरीवरचा नेहमीचा प्रतिवाद तिच्यामुळेच निकालात निघतो. ‘आमचे काका दिवसाला पाकीट संपवीत, त्यांना पाच मुले झाली’, हा दाखला प्रत्येक घरात एक तरी असतो आणि तो खोटाही नसतो. ज्याच्या वीर्यात मिलिलिटरमागे सहा-सात कोटी शुक्राणू आहेत त्याचे काही कोटी धुराने नेले तरी पुष्कळ शिल्लक उरते. परंतु जो मुळातच मर्यादेच्या काठावर उभा आहे, ज्याच्या शिरा फुगलेल्या आहेत, जो दिवसभर भट्टीपाशी किंवा तापलेल्या इंजिनाशेजारी बसून काम करतो, त्याला तेवढीच घट काठाखाली लोटते. आपण कोणत्या वर्गात मोडतो हे तपासणीवाचून कोणालाही कळत नाही. आणखी एक भ्रम असाच जुना आहे. धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तातील पुरुषी संप्रेरक पुष्कळदा कमी झालेले नसते, त्यामुळे दाढीमिशा, आवाज, कामेच्छा यांत काही फरक न जाणवल्याने तो निश्चिंत राहतो. वास्तविक पौरुषाची ही बाह्य लक्षणे आणि प्रजननक्षमता या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. पुढे वर्षे लोटल्यावर धुराने रक्तवाहिन्या आखडतात व शिश्नाला ताठरता येण्यासही अडचण पडू लागते, तेव्हा ही निश्चिंती ओसरते, पण फार उशिरा.

आपल्या समाजाने वीर्याविषयी भीती बाळगली नाही असे नाही; उलट नको तितकी बाळगली. गेल्या शतकातील कित्येक मराठी तरुणांनी वीर्यनाशाच्या धास्तीने, स्वाभाविक गोष्टींबद्दल स्वतःला पापी समजत, भोंदू वैद्यांच्या पुड्यांवर पैसे उधळले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 पासून 1953 मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवून त्या धास्तीचा शास्त्रीय समाचार घेतला, त्यापायी खटले सोसले, आणि 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्या गोष्टीने काहीही बिघडत नव्हते तिची दहशत पिढ्यान्‌पिढ्या टिकली, आणि जिच्यामुळे खरोखर बिघडत होते ती सिगारेट पाहुण्यापुढे आदराने धरली गेली, याचा मला विषाद वाटतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर केवळ सिगारेटचे नाव घेऊन थांबणे अपुरे होईल. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण अवघे 3.8 टक्के निघाले, पण धूरविरहित तंबाखू, म्हणजे मळलेली तंबाखू, गुटखा, मशेरी इत्यादी, सेवन करणाऱ्यांचे प्रमाण 24.4 टक्के होते. ‘मी ओढत नाही, नुसती मळतो’ असे म्हणून सुटका करून घेणाऱ्याने जाणावे की 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, तंबाखू चघळणाऱ्या भारतीय पुरुषांच्या पाहणीत चघळणे जितके अधिक तितके वीर्य निकृष्ट आढळले. विडीही सौम्य नव्हे. तिच्या धुरात निकोटीन व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा अधिकच असतो.

मग आधुनिक उपचार कशासाठी आहेत, असे कोणी विचारील. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, आणि 1992 पासून एकच शुक्राणू सुईने बीजात सोडण्याची युक्ती हाती आली. या विद्येने हजारो घरांत आनंद आणला आहे. परंतु सुईने निवडलेल्या शुक्राणूचे गुणसूत्र आतून तुटलेले असेल तर गर्भ रुजत नाही किंवा रुजलेला टिकत नाही, आणि पती धूम्रपान करीत असता या उपचारांचे यश घटते असेही आढळले आहे. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नामागे इंजेक्शने मात्र पत्नीच्याच पोटात टोचली जातात, आणि घराच्या हप्त्यांबरोबर आणखी एक कर्ज उभे राहते. शिवाय घरातील धूर तिच्याही श्वासात जातो, आणि तिच्या मर्यादित बीजसंचयालाही तंबाखू पोषक नाही.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली, 2003 साली कायदा झाला, 2 ऑक्टोबर 2008 पासून नियम कडक झाले, आणि 2020 साली महाराष्ट्राने सुट्या सिगारेटच्या विक्रीवरही बंदीचा हुकूम काढला. तरी सुटी सिगारेट मागणाऱ्याला टपरीवरून रिकाम्या हाताने परतावे लागते असे म्हणवत नाही. अंमल ज्याने त्याने स्वतःवर बसवावयाचा आहे, आणि त्यासाठी निसर्गाने दिलेली मुदत आश्चर्यकारक लहान आहे. ज्या दिवशी धूर थांबतो त्या दिवशी घडू लागलेला शुक्राणू सुमारे नव्वद दिवसांनी बाहेर येतो. सिगारेट सोडून तीन महिने झालेल्या पुरुषांच्या वीर्यात सुधारणा झालेली प्रत्यक्ष नोंदली गेली आहे. साठलेले कॅडमियम लवकर जात नाही, हे खरे. पण दाह ओसरतो, आणि मोठा भाग त्या दाहाचाच असतो.

पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. तलफ आली तरी ती काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटे पाणी पिऊन, चालून, कोणाशी बोलून काढावीत. ज्यांना हे एकट्याने जमत नाही त्यांच्यासाठी निकोटीनची च्युइंगगम व पट्ट्या आहेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची औषधे आहेत, आणि सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला 1800-11-2356 हा केंद्र सरकारचा मोफत दूरध्वनी आहे. अपत्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येक पुरुषास माझी कळकळीची विनंती आहे की पत्नीला कोणत्याही वेदनादायक तपासणीस पाठविण्यापूर्वी त्याने आपल्या वीर्याची तपासणी करून घ्यावी, आणि नमुना द्यायला जाण्याच्या दिवसापासूनच तंबाखू बंद करावी.