वाघासाठी कुत्र्याला लस

डिसेंबर 2024मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. माणसांशी संघर्ष झाला म्हणून वाघ चंद्रपूरकडून तिथे हलवले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले: बर्ड फ्लू. संशय खाद्यावर गेला, आणि तो उगाच नव्हता. 2004मध्ये थायलंडच्या एका व्याघ्रोद्यानात कच्च्या कोंबडीतून हाच विषाणू पसरला आणि सुमारे दीडशे वाघ मेले किंवा मारावे लागले. पिंजऱ्यातल्या वाघाचे खाणे निदान तपासता तरी येते. मोहर्लीच्या जंगलातल्या वाघाचे काय? ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या या प्रवेशद्वाराभोवती बफरमधली गावे आहेत. तिथली गुरे जंगलात चरतात, मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला माणसे जातात, मागोमाग कुत्री. आणि रात्री त्याच कुत्र्यांसाठी बिबट्या गावाजवळ येतो. रोगाला याहून सोपी वाट कोणती हवी? 1994मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीतले जवळपास एक तृतीयांश सिंह डिस्टेंपर या कुत्र्यांनाही होणाऱ्या विषाणूजन्य रोगाने गेले. 2018मध्ये गीरच्या सिंहांतही तोच विषाणू सापडला. म्हणून वाघाच्या संरक्षणाचा खर्च गावातल्या कुत्र्यांच्या लसीकरणापासून मोजायला हवा.

यावर जाणकारांचा आक्षेप वजनदार आहे. सेरेंगेटीत कुत्र्यांना लस देऊनही सिंहांमधला संसर्ग थांबला नाही, कारण इतर रानटी मांसाहारी प्राणीही तो विषाणू बाळगून असतात. हे मान्यच करावे लागते; डिस्टेंपरपुरती लस ही हमी नव्हे. पण त्याच फेरीत रेबीजची लस टोचली तर फायदा थेट माणसाचा. गावातल्या 70 टक्के कुत्र्यांना ती मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे गणित आहे. दवाखान्यात माणसांसाठीच औषधे पुरत नाहीत, तिथे कुत्र्यांचे लाड कशाला, हा प्रश्न म्हणूनच उलटा आहे: चावलेल्या प्रत्येकाला सुया देत राहिल्याने पुढचा चावा सुरक्षित होत नाही.

अडचण पैशापेक्षा खात्यांची आहे. माणूस आरोग्य विभागाचा, गाय पशुसंवर्धनाची, वाघ वनविभागाचा. कुत्रे बहुधा कोणाचेच नाही. नागपुरात 11 डिसेंबर 2022 रोजी माणसांचे आणि प्राण्यांचे आरोग्य एकत्र पाहणाऱ्या ‘वन हेल्थ’ राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली. तिच्याकडून मोठ्या परिषदांपेक्षा एक साधे काम हवे: मोहर्लीसारख्या गावांतल्या कुत्राचाव्यांची नोंद, मेलेल्या गुरांची नोंद आणि जंगलातल्या प्रत्येक मृत प्राण्याचा शवविच्छेदन अहवाल दर महिन्याला एकाच टेबलावर यावा, आणि हे सारे वाचणाऱ्याला तिन्ही खात्यांना कामाला लावण्याचा अधिकार असावा.