लिटमसच्या उलट चालणारं फूल

आधीच माफी मागून ठेवते. दहावीपर्यंत पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये होते, त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या!

आमच्या शाळेच्या पायऱ्यांशी हायड्रँजियाची झुडपं होती. एकेक फूल म्हणजे ओंजळभर निळा चेंडू. बारावीनंतर भेटायला गेले, तेव्हा बाग सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरनी त्याचं एक रोप कुंडीत घालून हातात दिलं. म्हणाल्या, "फूल आलं की फोटो पाठव." मी ऐटीत म्हटलं, "पुढच्याच मे महिन्यात!"

फोटो पाठवायला मला तीन वर्षं लागली. का, तेच सांगते.

पहिल्या वर्षी फूलच आलं नाही. चूक माझीच. डिसेंबरात माळीकाका गुलाब छाटत होते, मी म्हटलं, "काका, माझ्याही झाडाची कटिंग करा." आता कळतं, की या जातीच्या कळ्या जुन्या फांद्यांच्या टोकाला आधीच तयार होऊन बसलेल्या असतात. थंडीत फांदी कापली की पुढच्या उन्हाळ्याची फुलंच कापली! छाटणी करायची ती फुलं सरल्यावर लगेच. एरवी फक्त वाळलेल्या काटक्या काढायच्या.

दुसऱ्या वर्षी फूल आलं, पण चक्क गुलाबी! मला वाटलं, सिस्टरनी चुकून दुसरंच रोप दिलं. मग लायब्ररीत पुस्तकं काढली, तेव्हा खरी गंमत कळली. झाड तेच, रंगद्रव्यही तेच. फरक मातीचा. माती आम्लधर्मी असेल, म्हणजे पीएच साधारण ५.५ च्या खाली, तर मातीतलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात विरघळतं, मुळांवाटे फुलात पोचतं आणि रंगद्रव्याशी जोडी जमवून निळं होतं. पीएच ६.५ च्या वर गेला, की अ‍ॅल्युमिनियम मातीतच अडकून पडतं आणि फूल गुलाबी राहतं. लिटमस अ‍ॅसिडमध्ये लाल होतो, हे निळं होतं! (पांढऱ्या जाती मात्र या भानगडीत पडत नाहीत.) पाचगणीची तांबडी माती आम्लधर्मी. आपल्याकडची काळी माती चुनखडीची, त्यात हॉस्टेलचं बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर बसतो, तेच पाणी मी रोज कुंडीत ओतत होते.

उपाय सोपा वाटला. तुरटीत अ‍ॅल्युमिनियम असतं. मी इंजिनिअरिंगची स्टुडंट, थांबणार थोडीच! मूठभर तुरटी कुटून कुंडीत टाकली. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या, नवे कोंब काळे पडले. सबमिशनच्या आदल्या रात्रीही मी इतकी घाबरले नव्हते. सिस्टरना काय सांगणार? माळीकाकांनी कुंडी भरभरून पाणी घालून मीठ खाली वाहून काढलं, अर्धी माती बदलली, झाड सावलीत हलवलं. पावसाळ्यात ते पुन्हा फुटलं.

आता मी चार लिटर पाण्यात एक लहान चमचा तुरटी विरघळवते आणि माती आधी ओली करून महिन्यातून एकदाच घालते. पावसाचं पाणी कॅनमध्ये साठवते. फॉस्फरसवालं खत टाळते, कारण ते अ‍ॅल्युमिनियमला धरून ठेवतं. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, दुपारी सावली. पाणी भरपूर, पण कुंडीत तुंबू द्यायचं नाही.

फूल कापलंत तर सकाळी कापा, दांडा तिरका छाटून लगेच पाण्यात ठेवा. मान टाकली तर आख्खा गुच्छ अर्धा तास गार पाण्यात बुडवा. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं असतात, आणि तीही पाणी पितात. फूल पुन्हा ताठ!

या मे महिन्यात दोन फुलं आली. धड निळी नाहीत, धड गुलाबी नाहीत, जांभळट आहेत. भीत भीतच फोटो पाठवला. सिस्टरनी रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "दुपारचं ऊन लागत नाही ना त्याला?"

कुंडी लेडीज हॉस्टेलच्या मागे, टाकीच्या सावलीत आहे. बघायचं असेल तर रेक्टर मॅडमना विचारून जरूर या. फक्त तुरटी घेऊन येऊ नका!