गर्भपात आणि जंतुसंसर्ग : अल्प खर्चातील प्रतिबंध

गर्भपातानंतर ताप आला की घरची मंडळी बाईच्या पथ्याला दोष देतात, नाहीतर तिच्या नशिबाला. वस्तुतः असा ताप बहुधा अस्वच्छ हातांमुळे, नीट न उकळलेल्या हत्यारांमुळे किंवा गर्भाशयात राहून गेलेल्या अवशेषांमुळे येतो. तो टाळण्यास मोठे रुग्णालयच हवे, असे नाही.

वापरलेली हत्यारे रक्त वाळण्यापूर्वी साबणाच्या पाण्यात ब्रशने घासली पाहिजेत. वाळलेल्या रक्ताखालील जंतूंपर्यंत वाफ पोचत नाही. त्यानंतर ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसवर उघडी हत्यारे २० मिनिटे व कापडात गुंडाळलेली ३० मिनिटे ठेवावीत. ऑटोक्लेव्ह नसेल तेथे झाकणाच्या भांड्यात २० मिनिटे उकळावीत. ही मिनिटे पाणी खळखळू लागल्यापासून मोजावयाची. मध्येच एखादे हत्यार टाकले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मात्र उकळण्याने धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहीत, म्हणून हा दुय्यम उपाय समजावा. गर्भाशयात जाणारे टोक हातमोजा घातलेल्या बोटांनीही शिवावयाचे नाही. या नियमाला एक पैसाही लागत नाही आणि नेमका तोच घाईत मोडला जातो.

शस्त्रक्रियेने गर्भपात करावयाचा असेल, तर आधी डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त प्रतिजैविकाची एक मात्रा देतात. अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात अशा औषधाने संसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मलावी, पाकिस्तान, टांझानिया व युगांडा येथे आपोआप झालेल्या गर्भपातानंतरच्या शस्त्रक्रियेबाबत ३,४१२ स्त्रियांची चाचणी झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत औषध घेतलेल्यांत संसर्ग ४.१ टक्के व न घेतलेल्यांत ५.३ टक्के होता. हा फरक निर्णायक नव्हता. औषध स्वच्छतेची जागा घेत नाही, एवढे यावरून ध्यानात घ्यावे. औषध शिल्लक नाही म्हणून स्त्रीला परत पाठवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले आहे. गोळ्यांनी होणाऱ्या गर्भपातात ही प्रतिबंधक मात्रा सरसकट लागत नाही.

चोरून केलेल्या अघोरी उपायांनी स्त्रिया दगावत, हे वैद्यकीय गर्भसमापन अधिनियम, १९७१ मागील एक प्रमुख कारण होते. हा अधिनियम १ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. तरीही लाजेपोटी वैदूकडे जाणे संपलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी असते; पतीची सही लागत नाही. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतरांना तिचे नाव कळविणे, हा २०२१ च्या दुरुस्तीनुसार डॉक्टरचा शिक्षापात्र गुन्हा आहे.

थंडी वाजून ताप येणे, ओटीपोटात वाढत जाणारी कळ, दुर्गंधीयुक्त स्राव, किंवा लागोपाठ दोन तास दर तासाला दोन घड्या भिजतील इतका रक्तस्राव, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, रुग्णालय गाठावे आणि गर्भपात कोठे व कशाने झाला हे डॉक्टरांपासून लपवू नये.