द्रवाचा स्वभाव आणि कालव्याचे पाणी

पैठणच्या नाथसागरातून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा जालना जिल्ह्यात वडीगोद्री परिसरातून पुढे परभणीकडे जातो. लांबी २०८ किलोमीटर. एवढ्या अंतरावर पाणी नेण्यासाठी तळाचा अल्पसा उतार पुरतो, कारण पाणी हा द्रव आहे.

स्थायू पदार्थातील रेणू आपापल्या जागी जखडलेले असतात. त्यामुळे बर्फाची लादी उतारावरून घसरेल, पण कालव्याच्या वळणाप्रमाणे वळणार नाही. वायूचे रेणू मोकाट असतात. उघड्या कालव्यात ते क्षणभरही थांबणार नाहीत. द्रवाचे रेणू मात्र एकमेकांना धरून असतात आणि तरीही जागा बदलू शकतात. म्हणून द्रवाला स्वतःचे घनफळ असते, पण स्वतःचा आकार नसतो.

द्रव सहसा दाबला जात नाही, हा त्याचा दुसरा गुण. हवेवर १०० वातावरणांइतका दाब दिल्यास ती सुमारे शंभरपट आकसते. पाणी अर्धा टक्काही आकसत नाही. त्यामुळेच धरणातले पाणी घनफुटांत मोजून त्याचे वाटप ठरविता येते. वायूच्या बाबतीत दाब व तापमान सांगितल्याशिवाय घनफळाला अर्थ नसतो.

मात्र ज्या गुणांमुळे पाणी शेतापर्यंत येते, त्याच गुणांमुळे ते वाटेत हरवतेही. काकवी तापवली की पातळ होते, हे गुऱ्हाळावर सर्वांनी पाहिलेले असते. पाण्याचेही तसेच आहे. ते २० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, सुमारे एक तृतीयांशाने घटते. साहजिकच उन्हाने तापलेले पाणी मातीच्या फटींतून अधिक वेगाने झिरपते. कालव्याच्या अस्तरीकरणाचे महत्त्व यातच आहे.

दुसरी गळती डोळ्यांना दिसत नाही. पृष्ठभागावरील काही चपळ रेणू शेजाऱ्यांची पकड सोडवून हवेत निसटतात. हेच बाष्पीभवन. त्यासाठी पाणी उकळावे लागत नाही. रांजणातले पाणी थंड होते ते याच क्रियेमुळे. नाथसागर पूर्ण भरल्यावर त्याचा पृष्ठभाग सुमारे ३५० चौरस किलोमीटर असतो. त्यावरून केवळ एक मिलिमीटर थर उडाला, तरी ३५ कोटी लिटर पाणी जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एका दिवसात याहून अधिक थर उडतो.

द्रवाचा स्वभाव बदलणे आपल्या हाती नाही. मात्र चारीची डागडुजी, रात्रीचे सिंचन, ठिबक आणि पिकाच्या मुळाशी आच्छादन हे उपाय त्या स्वभावाला ओळखूनच योजलेले आहेत. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याचे पीक त्यांवरच अवलंबून असते.